दहा एसी लोकल आणि एक आठवडा : ऑगस्ट २०२२ मधलं मेन लाइनचं प्रकरण

१९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने मुंबईच्या मेन लाइनवरच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) ते कल्याण आणि पुढे कर्जत-कसारा मार्गावरच्या, दहा साध्या लोकल फेऱ्या एसी केल्या. त्याच सकाळी, गाड्या उभ्या करण्याच्या कळवा कारशेडपाशी, प्रवाशांनी एसी लोकल अडवली. पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला बदलापूरला प्रवासी स्टेशन मॅनेजरच्या कार्यालयाबाहेर जमले. २५ ऑगस्टला दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. ‘मुंबईकरांना एसी लोकल नको’ असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. काहींनी उलट टोक गाठलं आणि गर्दीला सुधारणा पचत नाहीत असं म्हटलं. प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर दोन्ही निष्कर्ष टिकत नाहीत.

यात माणसांची नावं दिलेली नाहीत. कोण रुळावर उतरलं आणि कोण कार्यालयात बसलं होतं, याने फारसा फरक पडत नाही. स्थानकं आणि तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण कळवा कुठे आहे आणि बदलापूर कुठे आहे हे लक्षात घेतल्याशिवाय हे प्रकरण कळतच नाही.

पार्श्वभूमी

नवे डबे मुंबईला नवीन नाहीत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली, त्यानंतर कितीतरी पिढ्यांचे डबे आले आणि भंगारात गेले. आजच्या मध्यमवयीन प्रवाशाने स्वतःच तीन पिढ्या पाहिल्या आहेत. जुन्या, डीसी विजेवर चालणाऱ्या गाड्या आधी. मग नोव्हेंबर २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या सिमेन्स गाड्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातून अशा १२९ गाड्या आल्या. त्यानंतर २०१५ पासून बम्बार्डियरची यंत्रणा असलेल्या ७२ गाड्या. सिमेन्सच्या डब्यात छतातून हवा सोडणारे ब्लोअर होते आणि ऐन गर्दीत तो फरक डोक्यावर जाणवायचा. आसनं कडक आहेत, कड्या उंच लावल्यात, पंखा फिरतोय पण वारा लागत नाही, असे शेरे प्रत्येक नव्या गाडीला मिळाले. तरीही नवा रेक (गाडीच्या सगळ्या डब्यांचा संच) आला म्हणून कोणी रेल रोको केल्याचं आठवत नाही.

यामागचं कारण साधं होतं. ७.४८ची फास्ट जुन्या रेकची असो की नव्या, ती ७.४८लाच यायची. पास तोच, दार तसंच उघडं आणि चढायची पद्धतही तीच. नवा डबा जुन्या डब्याची सगळी वहिवाट घेऊन येत होता, त्यामुळे लोकांच्या मताची धाव ‘बरा आहे’ किंवा ‘पहिलाच बरा होता’ याच्या पुढे जात नव्हती.

एसी लोकलने ही साखळी तोडली. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. भाडं फर्स्ट क्लासच्या मूळ भाड्याच्या १.३ पट ठरलं आणि सुरुवातीच्या काळात ते १.२ पट ठेवलं गेलं. दारं बंद राहणारी होती आणि सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलत नव्हती. मध्य रेल्वेवर ३० जानेवारी २०२० रोजी ट्रान्सहार्बरवर (ठाणे ते वाशी-पनवेल) एसी गाडी आली आणि त्याच वर्षीच्या १७ डिसेंबरला मेन लाइनवर सीएसएमटी-कल्याण. तो करोनाचा काळ होता. बहुतेक सामान्य प्रवाशांना लोकलमध्ये प्रवेशच नव्हता, म्हणून मेन लाइनवर नव्या गाडीची खऱ्या गर्दीशी गाठ उशिरा पडली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. कळवा, मुंब्रा, दिवा आणि पुढच्या पट्ट्यातले लोक या मार्गिकेची वर्षानुवर्षं वाट पाहत होते. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या रुळांवर जातील आणि लोकलना वाट मोकळी होईल, असं सगळे धरून चालले होते. मार्गिकेबरोबर ३६ नव्या लोकल फेऱ्या आल्या आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी फेऱ्यांची संख्या १,८१० झाली. त्या ३६ पैकी ३४ एसी होत्या. सेकंड क्लासच्या पासावर रोज जाणाऱ्या माणसाच्या हाती काय पडलं, हे बोटांवर मोजता येत होतं. ऑगस्टमधल्या रागाचं मूळ मला तरी इथे दिसतं. ऑगस्टच्या वेळापत्रकाने फक्त त्याला वाचा फोडली.

५ मे २०२२ पासून एसी लोकलचं तिकीट जवळपास निम्म्यावर आलं आणि तिकिटांची विक्री लगेच वाढली. कपात मात्र एकेरी तिकिटाला होती, पासाला नव्हती. कल्याणच्या आसपासहून सीएसएमटीचा सेकंड क्लासचा मासिक पास काही शे रुपयांत मिळे, तर एसीचा पास दोन हजारांच्या आसपास होता.

अडचण नेमकी काय होती

रेल्वेच्या बाजूने पाहिलं तर निर्णय तर्काला धरून होता. महागडे रेक आणले आहेत, भाडं कमी केल्यावर मागणी वाढली आहे, मग फेऱ्या वाढवायच्या. कागदावर एसी गाडीची क्षमताही कमी नाही. पहिल्या रेकची नोंदच १,०२८ बसलेले आणि ४,९३६ उभे अशी आहे. दहा साध्या फेऱ्यांच्या जागी तेवढ्याच मापाच्या दहा एसी फेऱ्या आल्या, म्हणजे कोणाचंही काही गेलं नाही, असा हिशेब मांडता येतो. एसी फेऱ्या ५६ वरून ६६ झाल्या. १,८१० मध्ये ६६ म्हणजे दर शंभरात चारसुद्धा नाहीत.

हिशेबात एक गोष्ट सुटली होती. प्रवासी १,८१० फेऱ्या वापरत नाही, तो दोन वापरतो. सकाळची एक आणि संध्याकाळची एक. घरातून निघण्याची वेळ, मुलाला पाळणाघरात सोडण्याची वेळ, ऑफिसचं पंचिंग, डब्यातला ठरलेला ग्रुप, दारातली उभी राहायची जागा, असं सगळं त्या दोन गाड्यांवर बेतलेलं असतं. त्यातली एक एसी झाली की त्याच्यापुरती ती रद्दच झाली. आधीच्या नाहीतर नंतरच्या गाडीत शिरणं एवढंच उरतं, आणि त्या दोन्ही गाड्या आधीच तुडुंब असतात.

कोणाला काय हवं होतं

मतांचे दोन तट होते, असं लांबून वाटायचं. प्रत्यक्षात स्थानकागणिक आणि पासागणिक वेगळं बोललं जात होतं.

कळव्यापासून सुरुवात करू, कारण तिथली गोष्ट वेळापत्रकात सापडत नाही. तेव्हा कळव्याला फास्ट गाड्या थांबत नव्हत्या. स्लो गाड्या येतात त्या मागच्या स्थानकांवरच भरलेल्या. पण कारशेड कळव्याला आहे. सकाळी तिथून रिकामे रेक ठाण्याला जातात आणि ठाण्याहून सीएसएमटीसाठी सुटतात. म्हणून कळव्याचे लोक कारशेडपर्यंत चालत जाऊन तिथेच गाडीत चढायचे. नियमात हे बसत नाही, रुळांमध्ये वावरणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. पण प्लॅटफॉर्मवर चढताच येत नाही म्हटल्यावर लोकांनी शोधलेली ही वाट होती आणि ती इतकी जुनी झाली होती की तिला हक्काचं रूप आलं होतं. जुन्या डब्याचं उघडं दार ही त्या वाटेची किल्ली होती. कारशेडमधून निघणारा रेक एसी झाला आणि दारं बंद झाली. ठाण्यापर्यंत ती उघडणारच नव्हती. एसीचा पास काढायला तयार असलेल्या कळवेकरालासुद्धा त्या गाडीत शिरता येत नव्हतं. त्यामुळे तिथला राग भाड्यापेक्षा दारावर होता. उपनगरी गाड्यांवर जी चर्चा चालते, तिच्यात ही बाब क्वचितच येते.

बदलापूरचा प्रश्न वेगळा होता. कल्याणपुढे कर्जतच्या दिशेला गाड्या विरळ होतात. ठाण्याच्या माणसाची एक गाडी चुकली तर चार मिनिटांत दुसरी असते. बदलापूरच्या माणसाला पुढच्या गाडीसाठी बरंच थांबावं लागतं, आणि ती कर्जत किंवा खोपोलीची असेल तर तिच्यात लांबच्यांचा हक्क आधी. म्हणून बदलापूरवर संपणाऱ्या गाडीला तिथे फार भाव. संध्याकाळी पाचनंतर सीएसएमटीहून सुटणारी बदलापूर लोकल एसी झाली आणि तिचा सगळा भार मागच्या गाडीवर पडला. मुंबईतली महागाई परवडत नाही म्हणून बदलापुरात घर घेतलेल्या माणसाला घरी जाण्यासाठी एसीचा पास काढायला सांगणं, यात जो विनोद आहे तो त्या प्लॅटफॉर्मवर कोणाला हसू आणणारा नव्हता.

डोंबिवली-कल्याणच्या फर्स्ट क्लास पासवाल्यांची कुचंबणा निराळी. फर्स्ट क्लासला पैसे जास्त आणि गर्दी सेकंडसारखीच. एसी गाडी त्यांना हवी होती, पण हातातला फर्स्ट क्लासचा पास तिथे चालत नव्हता आणि दोन पास काढणं परवडत नव्हतं. एसीला खरा पाठिंबा मिळू शकला असता तो या गटाकडून. ऑगस्टमध्ये तो गप्प होता, कारण त्याच्याही हातून एक साधी गाडी गेली होती.

महिलांमध्ये मत खूपच विभागलेलं होतं. बंद दार, पावसात कोरडी राहणारी आसनं, खिडकीतून येणाऱ्या दगडाची भीती नाही, ही कारणं अनेकींनी एसीच्या बाजूने सांगितली. गरोदरपणात किंवा आजारपणात एकेरी तिकीट काढून एसीने जाणाऱ्याही होत्या. दुसरीकडे, दुकानात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईला लेडीज डब्यात बसून भाजी निवडता येते, वेळेवर धावत येऊन चढता येतं आणि पास स्वस्त असतो. तिच्या लेखी एसी गाडी ही समोरून जाणारी एक बंद गाडी होती.

मालवाल्यांचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. तेव्हाच्या एसी लोकलना लगेजचा डबाच नव्हता. भाजीची टोपली, मासळीची पाटी, डबेवाल्यांच्या फळ्या, सगळं साध्या गाडीच्या लगेज डब्यातून जातं. गाडी एसी झाली की हा डबा त्या वेळेपुरता गायब.

आणि जे एसीने रोज जात होते तेसुद्धा पूर्ण खूश नव्हते. फुकटे शिरतात, गर्दीत टीसी आत येऊ शकत नाही, शेवटचा माणूस दारात अडकला की गाडी खोळंबते, एसी बिघडला की बंद डब्यात जीव घुसमटतो. जुन्या गाडीचा पंखा बंद पडला तर दार तरी उघडं असतं.

एवढ्या मतांत ‘एसी मुळीच नको’ म्हणणारे थोडेच निघतात. बहुतेकांचं म्हणणं एका ओळीचं होतं: एसी आणा, पण आमची गाडी काढून नको.

समोरचे पर्याय

जास्तीच्या एसी फेऱ्या सोडणं हा सगळ्यांच्या तोंडी असलेला पर्याय. ऐन गर्दीच्या तासात तो जवळजवळ अशक्य आहे. मेन लाइनवर सकाळी गाड्यांमधलं अंतर काही मिनिटांचंच असतं. कुर्ल्यापुढे सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झालेली नाही, त्यामुळे एक्स्प्रेस आणि लोकल तिथे वाटणी करूनच जातात. नवा डबा कारखान्यात बनवता येतो, सकाळी साडेआठची नवी वेळ बनवता येत नाही. आंदोलकांच्या मागणीतला हा कच्चा दुवा होता आणि रेल्वेने तो लोकांना कधी नीट समजावून सांगितला नाही.

गर्दी नसलेल्या वेळी फेऱ्या बदलणं शक्य होतं. त्यात विरोध कमी, पण उपयोगही कमी. दुपारी एकला थंड हवेसाठी कोण जादा पैसे मोजणार? तरी शिक्षक, बँकवाले, रुग्णालयात जाणारे, विमानतळाकडे निघालेले असा एकेरी तिकिटाचा गिऱ्हाईक त्याच वेळेत असतो आणि मे महिन्यातली कपात त्याच्यासाठीच होती. कपात एका गिऱ्हाइकाला आणि गाड्या दुसऱ्याच्या वेळेला, असं ते विचित्र जुळलं होतं.

अर्धी एसी, अर्धी साधी अशी गाडी हा पर्याय बरीच वर्षं चर्चेत आहे. कोणाचीही वेळ जात नाही, म्हणून ऐकायला तो छान वाटतो. पण काही डब्यांची दारं बंद होईपर्यंत थांबायचं आणि उरलेल्या डब्यांच्या दारात लोक लटकलेले, ही कसरत रोज प्रत्येक स्थानकावर करायची. शिवाय बारापैकी तीन-चार डबे एसी झाले की सेकंड क्लासचे तेवढे कमी होतात, म्हणजे वेळ वाचली तरी जागा गेलीच. मला हा पर्याय पहिल्यापासून फसवा वाटत आला आहे.

पंधरा डब्यांच्या गाड्यांनी जागा खरोखर वाढते. पण त्यासाठी प्लॅटफॉर्म लांबवावे लागतात, सिग्नल हलवावे लागतात, आणि ते काम महिन्याभरात होणारं नाही.

पासाचं गणित बदलणं हा पर्याय सगळ्यात स्वस्त होता आणि तो नंतर वापरलाही गेला. त्याबद्दल पुढे.

प्रवाशांसमोरही पर्याय होते. निवेदन, खासदार-आमदारांची भेट, रेल्वेच्या सल्लागार समितीत मुद्दा मांडणं, की रुळावर उतरणं. निवेदनं देऊन काय होतं, हे लोकांनी पाचव्या-सहाव्या मार्गिकेच्या वेळी पाहिलं होतं. गाडी अडवणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १७४ खाली गुन्हा आहे, आणि अडवलेल्या गाडीमागे खोळंबतात ते आपल्यासारखेच पासवाले. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी रेल रोकोची परंपरा या मार्गावर जुनी आहे, कारण तिचं उत्तर त्याच दिवशी मिळतं.

काय केलं गेलं

क्रम असा. १९ ऑगस्टला नवं वेळापत्रक लागू झालं आणि पहिल्याच सकाळी कळवा कारशेडपाशी गाडी अडवली गेली. रेल्वे पोलिसांनी लोकांना बाजूला केलं आणि गाडी पुढे गेली. रेल्वेने फेऱ्या चालूच ठेवल्या.

हा पहिला निर्णयबिंदू. कळव्याचा प्रश्न एका रेकचा होता. दुसऱ्या दिवशी तो रेक बदलून साधा सोडला असता तर बाकीच्या नऊ फेऱ्यांवर शांतपणे बोलायला अवकाश मिळाला असता. पण कारशेडमध्ये चढणं हेच बेकायदा असल्यामुळे त्या तक्रारीला दाद देणं कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड होतं. कागदावर जो प्रवास अस्तित्वातच नाही, तो बंद झाल्याची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची?

२२ ऑगस्टला सोमवार होता. आठवड्याचं पहिलं पूर्ण गर्दीचं कामकाज सुरू झालं आणि बदलापूरची संध्याकाळची गाडी हा मुद्दा पेटला. प्रवासी घरी पोचल्यावर स्टेशन मॅनेजरच्या कार्यालयाबाहेर जमले. वेळापत्रक ठरवणं स्टेशन मॅनेजरच्या हातात नसतं, हे जमलेल्यांनाही ठाऊक होतं. पण रेल्वे म्हणून समोर दिसणारा माणूस तोच. दोन दिवसांत मागणीला राजकीय पाठबळ मिळालं, वाहिन्यांचे कॅमेरे प्लॅटफॉर्मवर आले.

दुसरा निर्णयबिंदू २४ ऑगस्टचा. रेल्वेने प्रवाशांच्या प्रतिक्रियांचा दाखला देत दहाही फेऱ्या दुसऱ्या दिवसापासून साध्या करण्याचं जाहीर केलं. वादात असलेल्या दोन-तीन फेऱ्या वेगळ्या काढल्या नाहीत. उरलेल्या कोणत्या वेळी एसीला चांगला प्रतिसाद होता, हे पाहायला आठवडाही मिळाला नाही. एसी फेऱ्या पुन्हा ५६ वर आल्या.

निष्पत्ती

बदलापूरच्या प्रवाशांना त्यांची गाडी परत मिळाली आणि कळव्याला उघडं दार. त्या आठवड्यात नव्या वेळा पाहून एसीचा पास काढलेल्यांची बाजू मात्र कुठेच मांडली गेली नाही. ते संख्येने थोडे आणि विखुरलेले होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये एक बदल झाला आणि तो रुळावरच्या गोंधळापेक्षा टिकाऊ ठरला. फर्स्ट क्लासच्या पासधारकांना फरकाची रक्कम भरून एसीचा पास घेण्याची सोय मिळाली. डोंबिवली-कल्याणचा जो गट ऑगस्टमध्ये गप्प होता, त्याला आता एसीकडे जायला वाट झाली. हीच सोय मे महिन्यात तिकीटकपातीबरोबर आली असती तर ऑगस्टमध्ये एसीच्या बाजूने बोलणारे पासवाले प्लॅटफॉर्मवर दिसले असते.

पुढच्या वर्षांत एसी फेऱ्या हळूहळू वाढत गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये मध्य रेल्वेने मेन लाइनवर आणखी १४ वाढवल्या आणि एकूण संख्या ८० झाली. याही साध्या फेऱ्यांच्या जागीच आल्या. कुरकुर झाली, पण ऑगस्ट २०२२ ची पुनरावृत्ती झाली नाही. तोवर एसीने जाणारे वाढले होते, हे एक कारण. उन्हाळ्याचा मुहूर्त, हे दुसरं. एप्रिलमध्ये एसीला शिव्या घालणं जरा जडच जातं.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला. जुन्या-नव्या डब्यांच्या वादात उघड्या दाराकडे सोय म्हणून पाहिलं जात होतं, ते त्या दिवसानंतर तितक्या सहज पाहता येईना. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी मिळून. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं की नव्या गाड्या बंद दारांच्याच असतील, आणि साध्या गाड्याही तशाच घडवल्या जातील: दारांना हवा खेळती ठेवणाऱ्या झडपा, छतावर हवा आत ओढणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल असे जोडमार्ग. म्हणजे स्वस्त पास आणि बंद दार एकाच गाडीत. २०२२ च्या वादात हा पर्याय कोणी गंभीरपणे टेबलावर ठेवला नव्हता. एसी आणि बंद दार ही जोडी अटळ आहे, असं दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वेक्षणातला प्रश्न बदलता आला असता. एसी लोकल आवडते का, असं विचारलं तर मे महिन्यात घामाने भिजलेला कोणीही हो म्हणेल. ‘तुमची ५.२२ एसी झाली तर तुम्ही कोणत्या गाडीने जाल?’ असं विचारलं की उत्तर वेगळं येतं, आणि त्याच उत्तरातून मागच्या गाडीवर किती भार पडेल हेही कळतं.

बदलायच्या फेऱ्या निवडताना ‘पुढची साधी गाडी किती मिनिटांनी?’ हा एक निकष लावता आला असता. ठाणे, घाटकोपर, कुर्ला या पट्ट्यात एक फेरी एसी झाल्याने पाच मिनिटांचं नुकसान होतं. बदलापूर, टिटवाळा, आसनगाव या बाजूला तेच नुकसान अर्ध्या तासाच्या घरात जाऊ शकतं. दहा फेऱ्यांच्या यादीला हा निकष लावला असता तर बदलापूरची संध्याकाळची गाडी पहिल्या चाळणीतच बाहेर पडली असती.

कळव्याच्या बाबतीत जे चालत आलं आहे ते अधिकृतपणे मान्य करणं कोणालाच सोयीचं नाही. कारशेडपाशी छोटा फलाट, किंवा सकाळच्या दोन-तीन फास्ट गाड्यांना कळव्याचा थांबा, किंवा ऐरोली-कळवा उन्नत मार्ग लवकर पूर्ण करणं, अशा मागण्या प्रवाशांनी आंदोलनाआधीच लेखी मांडल्या असत्या तर प्रश्न एसीचा आहे असं कोणाला म्हणता आलं नसतं. आंदोलनाच्या बातमीत ‘एसी लोकल अडवली’ एवढंच आलं आणि कळव्याची मूळ तक्रार त्या मथळ्याखाली दबली.

माघार टप्प्याने घेता आली असती. दहा फेऱ्यांपैकी वादातल्या तेवढ्या मागे, बाकी महिनाभर चालू, आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक फेरीत किती पासधारक आणि किती तिकीटवाले होते ते आकडे स्थानकावर लावायचे. आकडे लावले की वाद थांबतो असं नाही, पण तो निदान त्या त्या गाडीपुरता राहतो. एकदम सगळं मागे घेतल्यामुळे पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी दोन्ही बाजूंनी आधी ऑगस्ट २०२२ ची आठवण काढली: रेल्वेने दबकत, प्रवाशांनी धमकावत.

आणि लगेजचा डबा. तो पहिल्या रेकपासून हवा होता.